टँकरमागची साखळी

बारावीला फिजिक्स घेतलेल्या कुणालाही विचारा, पेट्रोलच्या टँकरमागे जमिनीला टेकणारी साखळी का लटकवलेली असते? झोपेतून उठवलं तरी उत्तर येतं. चालत्या गाडीवर घर्षणाने विद्युतभार जमतो, साखळीवाटे तो जमिनीत जातो, ठिणगी पडत नाही. मिळाले मार्क. एनसीईआरटीच्या पुस्तकात हा प्रश्न सोडवूनच दिलाय आणि क्लासच्या नोट्समधून तो एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे जात राहतो. त्याच उदाहरणात, साखळीच्या अगदी वर, आणखी एक उपप्रश्न आहे. एरवी रबर वीज वाहू देत नाही, मग विमानाचे टायर मुद्दाम थोडे वीजवाहक का बनवतात?

हे दोन प्रश्न एकाखाली एक वाचले की तिसरा प्रश्न पडायला हवा. तो मात्र पुस्तकात नाही. टायरच वीजवाहक करता येत असेल, तर साखळी कशाला?

या तिसऱ्या प्रश्नात शंभरेक वर्षांचा इतिहास दडलाय. त्यात पांढरे टायर आहेत, खरखरणारे रेडिओ आहेत, नाणी घेताना शॉक खाणारे टोलनाक्यावरचे कर्मचारी आहेत आणि शेवटी पेट्रोल पंपावरची 'मोबाइल बंद ठेवा' ही पाटीही आहे. पण त्याआधी थोडं मागे जावं लागेल.

*

राळेचा एक जुना, दगडासारखा झालेला प्रकार असतो, अंबर. तो घासला की गवताच्या काड्या ओढून घेतो. ही गोष्ट इतक्या लोकांनी इतक्या ठिकाणी पाहिली होती की अंबराची नावंच त्यावरून पडली. संस्कृतात त्याला तृणमणी म्हणतात. फारसीत कहरुबा, म्हणजे काडी पळवणारा. ग्रीक लोक अंबराला इलेक्ट्रॉन म्हणायचे आणि त्यावरूनच १६०० साली विल्यम गिल्बर्टने आपल्या लॅटिन ग्रंथात जो शब्द घडवला, त्याची इलेक्ट्रिसिटी झाली. थोडक्यात, आपल्या घरातल्या वीजबिलाचं मूळ एका चिकट झाडाच्या डिंकात आहे.

पुढची दीडशे वर्षं वीज हा मुख्यतः करमणुकीचा विषय होता. त्यातले दोन प्रयोग मला फार आवडतात, कारण ते नकळत मोटारगाडीचेच प्रयोग होते.

पहिला स्टीफन ग्रे नावाच्या माणसाचा. हा मूळचा कापडं रंगवणारा रंगारी. म्हातारपणी लंडनच्या चार्टरहाऊस या धर्मादाय संस्थेत राहायचा. १७३० साली त्याने आठ-नऊ वर्षांच्या एका मुलाला दोरांनी आडवं टांगलं आणि घासलेली काचेची नळी त्याच्या पायांजवळ धरली. मुलाच्या चेहऱ्याकडे पितळी वर्खाचे तुकडे उडून यायला लागले. माणसाचं शरीर वीज वाहून नेतं, आणि जमिनीपासून तोडलं तर ती साठवूनही ठेवतं, हे त्यातून दिसलं. दोर कशाचे आहेत यावर सगळं अवलंबून असतं, हे ग्रेला एव्हाना कळलेलं होतं. रेशीम वीज अडवतं, धातूची तार अडवत नाही.

दुसरा प्रयोग लायडनच्या बरणीचा. काचेच्या बरणीत पाणी, बाहेरून हात, मध्ये काच. १७४५-४६ मध्ये जर्मनीत फॉन क्लाइस्टला आणि हॉलंडमध्ये मुशेनब्रुकला स्वतंत्रपणे कळलं की अशा बरणीत वीज भरून ठेवता येते आणि ती एकदम बाहेर आली तर माणूस हादरून जातो. मुशेनब्रुकने तर फ्रान्सचं राज्य दिलं तरी हा झटका पुन्हा घेणार नाही, अशा अर्थाचं पत्र लिहिलं. फ्रान्समध्ये मात्र आबे नोले याने १७४६ साली राजासमोर १८० सैनिकांना हातात हात धरून उभं केलं आणि बरणीची वीज त्या रांगेतून सोडली. सगळे एका क्षणी उडाले. राजाला गंमत वाटली. सैनिकांचं मत कुणी विचारल्याची नोंद माझ्या वाचनात नाही.

आता मोटारगाडीकडे बघा. धातूचा मोठा डबा, खाली रबर, त्याखाली जमीन. मधला थर वीज अडवणारा आणि दोन्ही बाजूंना वीज वाहणारं काहीतरी. ही लायडनची बरणीच आहे. आणि गाडीतून उतरणारे तुम्ही, पायात रबरी सोलचे बूट घालून, म्हणजे रेशमी दोरांवर टांगलेला ग्रेचा मुलगा.

*

आपल्याला टायर काळाच असतो असं वाटतं. सुरुवातीला तो तसा नव्हता. बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलप या जनावरांच्या डॉक्टरने १८८८ मध्ये हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं, मिशलँ बंधूंनी १८९५ च्या पॅरिस-बोर्दो शर्यतीत तसे टायर मोटारीला लावले. त्या काळचे टायर फिकट असायचे. कच्चं रबर फिकट आणि त्यात ताकदीसाठी मिसळलेलं झिंक ऑक्साइड पांढरं. जुन्या फोटोंत साहेबांच्या गाडीची चाकं पांढरीशुभ्र दिसतात ती यामुळे. असे टायर लवकर झिजायचे.

१९०४ च्या सुमारास लंडनजवळच्या सिल्व्हरटाउनमध्ये एका कारखान्यात रबरात काजळी मिसळून पाहिली गेली. कारखान्याचं नाव मोठं गमतीचं, इंडिया रबर, गटापर्चा अँड टेलिग्राफ वर्क्स कंपनी. (त्यातल्या 'इंडिया'चा आपल्याशी संबंध एवढाच की इंग्रजीत रबराला तेव्हा इंडिया रबर म्हणत.) काजळी म्हणजे डोळ्यात घालतो त्या काजळाचीच चुलत बहीण, तेल किंवा गॅस अर्धवट जाळून मिळणारा कार्बनचा अतिसूक्ष्म भुगा. तिने रबर कमालीचं चिवट झालं. १९१० नंतर अमेरिकन कंपन्यांनी हे तंत्र उचललं आणि हळूहळू जगभरचे टायर काळे झाले.

हे केलं ते झीज कमी करण्यासाठी. विजेचा विचार कुणाच्या मनात नव्हता. पण कार्बन वीज वाहतो, आणि रबरात त्याचे कण पुरेसे दाट झाले की ते एकमेकांना टेकून जमिनीपर्यंत वाट तयार करतात. हा योगायोग पुढे फार कामाला आला. मात्र लगेच नाही, कारण कोणत्या प्रकारची काजळी, किती आणि कशी मिसळली यावर ती वाट बनते की नाही हे ठरतं. सुरुवातीचे काळे टायर दिसायला काळे असले तरी विजेच्या बाबतीत बऱ्यापैकी पांढऱ्या टायरांसारखेच वागायचे.

ते कसं कळलं? रेडिओमुळे.

१९३० मध्ये शिकागोतल्या पॉल गॅल्व्हिनच्या कंपनीने मोटारीत बसवायचा रेडिओ बाजारात आणला आणि त्याचं नाव ठेवलं मोटोरोला. गाडीत गाणी ऐकायची हौस लोकांना एवढी होती की काही वर्षांत असे रेडिओ सर्रास दिसायला लागले. आणि सगळे खरखरायला लागले. बराचसा आवाज इंजिनाच्या स्पार्क प्लगचा होता, तो बंद करायचे उपाय मेकॅनिकांना लवकर सापडले. पण एक खरखर अशी होती की इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडली तरी यायची. कोरड्या दिवशी जास्त, पावसात गायब.

टायर रस्त्यावर फिरतो तेव्हा त्याचा प्रत्येक भाग रस्त्याला टेकतो आणि सुटतो. दोन वेगळे पदार्थ एकमेकांना टेकून वेगळे झाले की इकडचा भार थोडा तिकडे जातो. घासणं हे फक्त त्याचं जोरकस रूप. चाकावर जमलेला भार गाडीच्या सांगाड्यात जायला बघायचा, पण पुढच्या चाकांच्या बेअरिंगमध्ये ग्रीसचा पातळ थर असायचा आणि ग्रीस वीज अडवतं. मग तिथे बारीक बारीक ठिणग्या पडायच्या आणि रेडिओ त्या ऐकायचा. यावर उपाय म्हणून पुढच्या चाकाच्या टोपीत एक छोटी स्प्रिंग बसवायचे, जी चाक आणि अॅक्सल यांना कायम टेकून राहील. टायरच्या ट्यूबमध्ये भरायची एक पावडरही मिळायची, आतून वीजवाहक थर द्यायला. गाडीतली स्थिर वीज घालवण्याचे सामान्य ग्राहकाने विकत घेतलेले बहुधा हे पहिले उपाय. कारण काय, तर गाणं नीट ऐकू यावं.

टोलनाक्यावरची गोष्ट त्याहून विनोदी होती, म्हणजे शॉक न बसणाऱ्यांसाठी. अमेरिकेत पुलांवर आणि बोगद्यांपाशी माणूस हात बाहेर काढून नाणी घ्यायचा. दिवसभर एकेक भारलेली गाडी येऊन थांबणार, ड्रायव्हर हात पुढे करणार, बोटं टेकणार आणि चट्‌. ड्रायव्हरला हा झटका एकदा, नाक्यावरच्या माणसाला शिफ्टमध्ये किती वेळा कोण जाणे. शेवटी काही नाक्यांवर खिडकीच्या थोडं अलीकडे रस्त्यातच लवचिक पोलादी तारा उभ्या केल्या, जमिनीत पक्क्या जोडलेल्या. गाडी वरून जाताना तार तिच्या पोटाला घासायची आणि गाडीची वीज उतरून जायची. ड्रायव्हरला पत्ताही नसायचा.

मला ही तार त्या साखळीपेक्षा शहाणी वाटते. साखळी सगळा रस्ता ओरबाडत जाते. तार जिथे माणसाचा हात येणार, नेमकी तिथेच उभी असते.

*

टँकरला साखळी लावायची कल्पना याच काळातली. तर्क सरळ होता. टायर वीज अडवतो, टँकर भारतो, आत पेट्रोल आहे, तर जमिनीशी सतत संबंध ठेवा. पण साखळी रस्त्यावर उसळते, झिजते, तुटते, आणि मुख्य म्हणजे कोरडा डांबरी किंवा काँक्रीटचा रस्ता स्वतःच फारसा वीजवाहक नसतो. पाऊस पडून रस्ता ओला झाला की साखळी उत्तम काम करते, फक्त तेव्हा तिची गरज नसते, कारण ओल्या हवेत आणि ओल्या टायरवरून भार आपोआप उतरतो.

दरम्यान टायरमधली काजळी सुधारली आणि टायर खरोखर वीजवाहक झाले. थोडा हिशोब करू, अवघड नाही. गाडीची वीज साठवण्याची क्षमता साधारण १००० पिकोफॅरड धरा आणि टायरचा रोध १० कोटी ओहम. ऐकायला हा रोध प्रचंड वाटतो, घरच्या वायरिंगच्या हिशेबात तर तो वीजरोधकच झाला. पण स्थिर विजेला घाई नसते आणि तिचा साठाही चिमूटभर असतो. या आकड्यांनी गाडीचा बहुतांश भार सेकंदाच्या दहाव्या भागात उतरतो. थांबायला ब्रेक दाबेपर्यंत काम झालेलं असतं. साखळीला करायला काही उरतच नाही.

आणि खरा धोका रस्त्यावर नव्हताच. हे कळायला मोठी किंमत मोजावी लागली. पेट्रोल किंवा डिझेल पाइपमधून वाहतं तेव्हा पाइपच्या भिंतीला टेकत, सुटत जातं, म्हणजे टायर रस्त्यावर जे करतो तेच. फिल्टरमधून गेलं तर आणखीच. टाकीत पडणारं इंधन भार घेऊनच पडतं, आणि इंधन स्वतः वीज नीट वाहत नसल्याने तो भार त्याच्या पृष्ठभागावर रेंगाळतो. टाकी जमिनीला कितीही चांगली जोडा, आतल्या द्रवावरचा भार लगेच उतरत नाही.

१९५४ मध्ये हॉलंडमधल्या पर्निस इथे शेलच्या रिफायनरीत टाकीचा स्फोट झाला, त्याचं कारण स्थिर वीज असल्याचं निघालं. त्यानंतर शेलच्याच क्लिंकेनबर्ग आणि फान डर मिने यांनी या विषयावर केलेलं काम १९५८ साली पुस्तकरूपाने आलं आणि तेलधंद्यातल्या सवयी बदलल्या. इंधन सुरुवातीला सावकाश सोडायचं. वरून धबधब्यासारखं ओतायचं नाही, पाइप तळापर्यंत न्यायचा. भरून झाल्यावर थोडा वेळ थांबायचं, मगच झाकण उघडून डिपस्टिक घालायची. टँकर आणि भरणारा पाइप यांना आधी तारेने जोडायचं, म्हणजे दोघांमध्ये भाराचा फरकच राहणार नाही. इंधनात अगदी थोडं रसायन मिसळून त्याला थोडंसं वीजवाहक करायची युक्तीही याच संशोधनातून पुढे आली.

यातला एक सापळा सांगण्यासारखा आहे. आधी पेट्रोल नेलेल्या टँकरमध्ये डिझेल भरणं. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तरच पेटते. बंद टाकीत ती त्याहून खूप जास्त असते, म्हणून पेट्रोलने भरलेली टाकी आतून सहसा पेटत नाही, हे अनेकांना खरंच वाटत नाही. त्यात डिझेल ओतलं की ते वाफ शोषून घेतं, प्रमाण नेमकं पेटण्याच्या पट्ट्यात उतरतं, आणि त्याच वेळी ओतल्या जाणाऱ्या डिझेलवर भारही जमत असतो. डिझेल तर 'सुरक्षित' इंधन, म्हणून भरणारा जरा निवांत असतो. टँकर भरताना झालेले कित्येक अपघात असेच झालेत. रस्त्यावरच्या साखळीचा इथे काडीचा उपयोग नाही. आपल्याकडेही पंपावर टँकर रिकामा करण्याआधी कर्मचारी एक जाड तार आणून त्याच्या अंगाला क्लिप लावतो, ती खरी साखळी. पुढच्या वेळी पंपावर टँकर उभा दिसला तर बघा.

*

काळ्या टायरने मिटवलेलं भांडण १९९० च्या दशकात पुन्हा उकरलं गेलं. १९९२ मध्ये मिशलँने काजळीचा मोठा भाग काढून त्याजागी सिलिका, म्हणजे वाळूचंच अतिसूक्ष्म रूप, वापरलेला टायर आणला. तो रस्त्यावर हलका फिरतो, इंधन वाचतं, ओल्या रस्त्यावर पकडही चांगली मिळते. पण सिलिका वीज अडवते. मघाचा हिशोब पुन्हा करा. रोध हजारपट झाला, तर सेकंदाच्या दहाव्या भागात उतरणारा भार उतरायला शंभर सेकंद लागतील. तोवर तुम्ही गाडी थांबवून, दार उघडून टाकीच्या झाकणापर्यंत पोचलेले असता.

टायरवाल्यांनी यावर काढलेला तोडगा सुंदर आहे. सिलिकाच्या ट्रेडमध्ये मधोमध जुन्या काजळीच्या रबराची एक अरुंद पट्टी सोडायची, आतल्या थरापासून थेट रस्त्यापर्यंत, चिमणीसारखी. टायर फिरताना ती कायम कुठेतरी रस्त्याला टेकलेली असते. म्हणजे साखळी टायरच्या पोटातच गेली, आणि तीही काजळाच्या एका रेघेच्या रूपाने.

तरीही हिवाळ्यात गाडीतून उतरताना दाराला हात लावला की चटका बसतो. तो का, हे समजलं तर गाडीमागे लटकवायच्या रबरी पट्ट्यांवर कुणी पैसे घालणार नाही. (ब्रिटनमध्ये एकेकाळी या पट्ट्या गाडी लागण्यावर, म्हणजे प्रवासातल्या मळमळीवरही इलाज म्हणून खपायच्या. त्यापेक्षा आवळा सुपारी बरी.) हा चटका गाडीचा नसतो, तुमचा असतो. तुमचे कपडे आणि सीटचं कापड तासभर एकमेकांना टेकून असतात. उठताना ते सुटतात, भाराची वाटणी होते. सीटकडचा हिस्सा टायरवाटे निघून जातो. तुमचा हिस्सा मात्र अंगावर राहतो, कारण तुम्ही बुटांवर उभे. सिंथेटिक शर्ट, रेक्झिनचं कव्हर आणि एसीने कोरडी केलेली हवा असेल तर अंगावर सहज दहा हजार व्होल्ट चढतात. मग बोट धातूजवळ नेलं की चट्‌.

मुंबईत हे फारसं होत नाही, तिथली हवाच घामट. नागपूरच्या किंवा दिल्लीच्या जानेवारीत स्वेटर काढताना जे तडतडतं ते मात्र हेच.

उपायही मग सरळ आहेत. सीटवरून उठायच्या आधीच दाराची धातूची चौकट धरा आणि पाय जमिनीला टेकून पूर्ण उभे राहीपर्यंत सोडू नका. भार जमतानाच उतरत जातो, ठिणगीची वेळच येत नाही. विसरलात तर किल्ली घट्ट धरून तिचं टोक आधी धातूला लावा. ठिणगी पडेल, पण ती किल्लीच्या टोकावर, आणि हातात वीज मोठ्या भागातून जात असल्याने टोचणार नाही. बाजारात किचेनसारखी खेळणी मिळतात, त्यांच्या आत मोठ्या रोधाचा रेझिस्टर असतो, तो वीज एकदम न सोडता सावकाश सोडतो. मोबाइल दुरुस्त करणारा मनगटाला जो पट्टा बांधतो, त्यातही असाच एक रेझिस्टर असतो. सुती कपडे, सुती सीट कव्हर, हे तर आहेच.

*

इथवर हा नुसता चटका होता. तो कुठे बसतो यावर पुढचं अवलंबून आहे.

अमेरिकेत १९७० नंतर स्वतः पेट्रोल भरायची पद्धत पसरली. नळीला खिट्टी असते, ती अडकवली की हात न लावता पेट्रोल पडत राहतं. थंडी असेल तर माणूस काय करणार? पुन्हा गाडीत जाऊन बसणार. टाकी भरत आली की उतरणार, अंगावर नवा भार घेऊन, आणि थेट नळीला हात घालणार, जिथे वाफ आहे.

हिशोब असा. माणसाच्या शरीराची साठवण साधारण १५० पिकोफॅरड. १०,००० व्होल्टला ठिणगीतली ऊर्जा होते साडेसात मिलिज्यूल. पेट्रोलची वाफ पेटायला पाव मिलिज्यूल पुरते. म्हणजे तीसपट जास्त.

१९९० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत पंपावरच्या अशा आगींच्या बातम्या वाढल्या, तेव्हा इंधन पंपांच्या सामग्रीचा व्यवसाय करणाऱ्यांच्या संस्थेने, पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटने, त्यांची माहिती गोळा करायला सुरुवात केली. दीडशेहून जास्त घटना जमल्या. जवळपास निम्म्यांमध्ये माणूस पेट्रोल भरत असताना गाडीत जाऊन परत आलेला होता. इतर अनेकांत उतरल्या उतरल्या त्याने टाकीच्या झाकणाला हात लावला होता. काही माणसं मेली, आणि बऱ्याचदा नुकसान वाढलं ते घाबरून नळी ओढून काढल्याने, कारण मग जळतं पेट्रोल अंगावर आणि जमिनीवर सांडतं. नळी तिथेच सोडून लांब जायचं, आणि पंप बंद करायला सांगायचं.

या सगळ्या यादीत मोबाइल फोनने लागलेली आग एकही सापडली नाही.

पण त्याच वर्षांत जगभर एक ईमेल फिरत होतं, शेल कंपनीच्या नावाने, मोबाइल वाजल्याने पंपावर आग लागल्याच्या तीन घटना सांगणारं. शेलने ते आपलं नसल्याचं सांगितलं, ईमेल थांबलं नाही. केंट विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ अॅडम बर्जेस यांनी या अफवेचा पाठपुरावा केला. त्यांच्या २००७ च्या लेखाच्या शीर्षकातच खरा धोका आणि भुताचा धोका अशी जोडी आहे. फोन नवा होता, दिसत होता, त्याच्याबद्दल आधीच शंका होत्या, म्हणून आळ त्याच्यावर गेला. शर्टाची बाही आणि सीटचं कव्हर यांच्यावर कोण संशय घेणार? या गोष्टीतली एक गंमत अशी की १९७३ मध्ये हातात धरायचा पहिला मोबाइल बनवणारी कंपनी तीच, जिच्या गाडीतल्या रेडिओने चाकावरची वीज पहिल्यांदा ऐकवली होती.

भारतात चित्र थोडं वेगळं आहे. पंपांना परवाने देणारी पेसो ही केंद्राची यंत्रणा नागपुरातून चालते आणि पंपावर मोबाइलला मनाई आहे. खबरदारी म्हणून ती पाळायला हरकत नाही, फोनकडे बघत पेट्रोल भरणारा माणूस तसाही धोकादायक असतो. पण हल्ली त्याच पाटीखाली क्यूआर कोडचं स्टिकर असतं आणि पोरगा नळी हातात धरूनच विचारतो, 'कॅश की ऑनलाइन?' स्फोट होत नाहीत. आपल्याला वाचवतो तो हा पोरगाच. आपल्याकडे नळी ग्राहक धरत नाही, दिवसभर तिथेच उभा असणारा माणूस धरतो. तो सीटवरून उठून आलेला नसतो आणि आपण गाडीतच बसून असतो. अमेरिकेतल्या आगींचा जो निम्मा हिस्सा, त्याचं कारणच इथे तयार होत नाही. दुचाकीवाले उतरतात, पण त्यांचं लक्ष मीटरच्या शून्यावर असतं, नळीवर हात नसतो. स्वतः पेट्रोल भरायचे पंप आपल्याकडे वाढले तर मात्र पाटीवर फोनच्या चित्राशेजारी आणखी एक चित्र लागेल, धातूला टेकलेल्या हाताचं. परदेशात अनेक पंपांवर ते आधीच आहे.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांत पेटायला वाफच नाही, त्यामुळे तिथे चटका हा फक्त चटका राहील. हायड्रोजनच्या गाड्यांचं तसं नाही. हायड्रोजन पेटायला ०.०२ मिलिज्यूलच्या आसपास ऊर्जा पुरते, पेट्रोलच्या दहाव्या भागाहूनही कमी. माणसाच्या अंगावर ५०० व्होल्ट असले तरी तेवढी ठिणगी पडू शकते, आणि साधारण दोन-तीन हजार व्होल्टच्या खालची ठिणगी आपल्याला जाणवतच नाही. तिथे 'चटका बसला तर सांभाळा' असं सांगून भागत नाही. म्हणून हायड्रोजन पंपावर गाडी जिथे उभी राहते, तो जमिनीचा तुकडाच वीजवाहक बनवतात.